दरवानाचं पान

पुस्तक आमच्या घरी सुक्या बोंबलांच्या पाटीतून आलं. आई तलासरीच्या आठवडी बाजाराला सुकी मासळी घेऊन जायची आणि येताना पाटीत भात, उडीद, कधी रानातली भाजी असायची. त्या दिवशी पाटीच्या तळाशी, केळीच्या पानात गुंडाळलेलं, तपकिरी कागदाचं वेष्टन घातलेलं एक जाड पुस्तक होतं. तिथल्या एका शाळेतले गुरुजी तिच्याकडून नेहमी सुकट घेत. आपली मुलगी डहाणूला शिकते आणि सामान बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही, हे आईनं त्यांना कधीतरी सांगितलं असणार. गुरुजींनी शाळेचं कपाट उघडून समोर आलं ते पुस्तक तिच्या हातात ठेवलं. "वाचून परत करायचंय," आई बोलली. "आणि मासळीच्या हातानं पान उलटायचं नाय. मी सांगून आलेय तसं." पण वास आधीच लागला होता. तो शेवटपर्यंत गेला नाही.

युरोपातल्या एका देशात एक माणूस सत्तेवर येतो, ती कुणाला परत देत नाही आणि देशाला महायुद्धात नेतो, हे सगळं त्या देशाच्या राजधानीत राहून पाहिलेल्या एका परदेशी वार्ताहरानं लिहिलं होतं. मराठी भाषांतर बोजड होतं. काही वाक्यं दोनदा वाचावी लागत. तरी मूळ लिहिणारा त्यातून दिसायचा. जे पाहिलं ते, जिथून पाहिलं तिथून, आवाज न चढवता सांगायचं, अशी त्याची रीत होती. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत मला हीच रीत शिकवली गेली आणि मी ती माझ्यानंतर आलेल्यांना शिकवली. पुस्तकाचं नाव इथे देत नाही, कारण मला सांगायचंय ते त्यातल्या एका पानाबद्दल, आणि त्या पानानं आमच्या घरात जे केलं त्याबद्दल.

आमचं घर किनाऱ्याजवळच्या आळीत होतं. पुढे पडवी, मागे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या, त्यापलीकडे वाळू आणि खाडीचं तोंड. पावसाळ्यात होड्या वर ओढून, माडाच्या झापांनी झाकून ठेवलेल्या असत आणि आळीभर पडव्यांतून पुरुष जाळी दुरुस्त करत बसत. त्या दिवसांचे आवाज मला अजून क्रमानं आठवतात: पहाटे पाट्यावर मिरची-खोबरं वाटल्याचा, मग भाकऱ्या थापल्याचा, मग कुणाच्या तरी रेडिओचा, आणि दिवसभर समुद्राचा, जो कुणी ऐकत नसे. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, किंवा आंबोशी घातलेलं सुक्या बोंबलाचं कालवण. बाबा जेवून हात धुऊन लगेच जाळ्यापाशी बसत. त्यांना दिवसा झोपलेलं मी पाहिलं नाही.

बाबांचं नाव हरी. होडी आणि जाळी हे त्यांचं पोटाचं काम. पण गावात त्यांना मान होता तो दुसऱ्याच कामामुळे. गावकीनं काही ठरवलं की ते आळीआळीतून हाळी देऊन सांगायचं काम आमच्या घराकडे होतं. आजोबांकडून ते बाबांकडे आलं होतं. काशाचा एक थाळा होता, कडेला भोक पाडून सुतळी ओवलेला. बाबा आळीच्या तोंडाशी उभे राहायचे, थाळा वाजवायचे आणि लोक दारात आले की सांगायचे: "गाव सांगतं, ऐका." मग निरोप. समुद्रात कधी जायचं नाही, देवळाच्या जत्रेला कुणी काय आणायचं, होळीची लाकडं कोणत्या दिवशी. निरोप गावकीत जसा ठरला तसाच्या तसा, एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. त्यांना त्याचा अभिमान होता. "आपण मध्ये यायचं नाय," ते मला सांगत. "आपण नळीसारखं. इकडून आलं, तिकडून गेलं." पुढे डेस्कवर बसून बातम्या तपासताना मी नव्या मुलांना जवळजवळ हेच सांगितलं, आणि ते कुणाचं वाक्य आहे हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही.

शेजारचं घर जनाकाकाचं. त्याची बायको सेवंतीकाकी आणि माझी आई एकाच वर्षी लग्न होऊन त्या आळीत आल्या होत्या. आमच्या आणि त्यांच्या वलांड्यांच्या मध्ये कुंपण नव्हतं. कुणाचे बोंबील कुठे संपतात ते बायकांनाच कळायचं. समुद्रात डोल जाळं रोवायच्या जागेला आमच्याकडे कव म्हणतात. कोणाची कव कुठे, हे गावकी ठरवते. त्या मोसमाच्या शेवटी जनाकाकाची डोल दुसऱ्याच्या कवीत गेली. तो म्हणाला पाण्याच्या ओढीनं सरकली. ज्याची कव होती तो म्हणाला मुद्दाम रोवली. गावकीनं जनाकाकाला देवळासमोर उभं राहून चूक कबूल करायला सांगितलं. तो उभा राहिला नाही. त्यानं डहाणूला जाऊन तहसील कचेरीत अर्ज दिला. दुसऱ्याच्या कवीत शिरल्याचा विषय माफ झाला असता. गावची गोष्ट कचेरीत नेल्याचा विषय माफ होण्यासारखा नव्हता.

वाळीत टाकायचा निरोप असला की तो आधी त्याच घरासमोर द्यायचा, माणसाला समोर उभं करून, असा रिवाज होता. मागून कळलं असं कुणी म्हणू नये म्हणून. बाबा थाळा घेऊन आमच्या पडवीतून उतरले आणि पाचदहा पावलं चालून शेजारच्या पडवीसमोर उभे राहिले. मी दारातून पाहत होते. जनाकाका हातातली सुई न ठेवता बाहेर आला.

"वाजव की दादा," तो म्हणाला. "की शेजारी हाय म्हणून फुकट सांगतोस?"

बाबांनी थाळा वाजवला. आळी दारात आली. "गाव सांगतं, ऐका. जनार्दनच्या घराशी आजपासून कुणी बोलायचं नाय. देणंघेणं करायचं नाय. त्याच्या घरी जायचं नाय, त्याला घरी घ्यायचं नाय. त्याच्या होडीला हात लावायचा नाय. गाव सांगेपर्यंत."

"संपलं?"

बाबांनी थाळा काखेत घातला. बोलायची मुभा त्या शेवटच्या शब्दाबरोबर संपली होती.

"बरं झालं तुझ्या तोंडून आलं," जनाकाका म्हणाला. "दुसरा कोण असता तर एखादा शब्द खाल्ला असता. तू नाय खायचास." आणि तो आत गेला. बाबा पुढच्या आळीला गेले. थाळ्याचा आवाज लांब लांब जात राहिला आणि आई चुलीपाशी बसून तांदूळ निवडत राहिली, जे तिनं सकाळीच निवडले होते.

वाळीत टाकणं म्हणजे आरडाओरडा नव्हे. कुणी दगड मारत नाही, शिवी देत नाही. एक आळी एका घराभोवती वाकून पुढे जाते, एवढंच. वाण्याच्या दुकानात सेवंतीकाकी उभी राहिली की वाणी डाळीचा डबा शोधायला आत जाई आणि ती निघून जाईपर्यंत त्याला तो सापडत नसे. विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलून बाजूला होत, आणि बाजूला होताना जरा हसतही, कारण तोंडाचं काय करायचं ते कळत नसे. आमच्याकडून रोज एक वाटी त्यांच्याकडे जायची आणि दुसरी यायची. ती बंद झाली. त्यांची शेवटची आलेली वाटी आमच्याकडे राहिली. आईनं ती घासून फळीवर पालथी ठेवली. ती परत कशी करायची हा प्रश्न होता आणि ठेवून कशी घ्यायची हाही.

आता गावाचे निरोप मोबाइलवर येतात. मी डहाणूतल्या मसोलीला राहते, आणि माहेरच्या गावाच्या ग्रुपमध्ये कुणीतरी मला घेतलंय. मध्ये एकाला त्या ग्रुपमधून काढल्याचं दिसलं. खाली कुणी काही लिहिलं नाही. मग कुणीतरी जत्रेच्या वर्गणीबद्दल विचारलं आणि गप्पा सुरू झाल्या. मीही काही लिहिलं नाही.

पुस्तकाचं वाचन दुपारी पडवीत होत असे. बाबांना अक्षरओळख होती, पण एवढं जाड पुस्तक त्यांच्यानं झालं नसतं; त्यांनीच मला सांगितलं की मोठ्यानं वाच. आई आतून ऐकायची. बाबांना युद्ध समुद्रासारखं कळायचं: कुठून वारा, कुठे ओढ, कोण कुणाच्या कवीत शिरला. हुकूमशहाची भाषणं आली की त्यांना त्याच्या गळ्याची काळजी वाटे.

"एवढं बोलतो, घसा कसा बसत नाय त्याचा?"

"त्याला लाउडस्पीकर असेल," आई आतून. "तुमच्यासारखा थाळा नाय."

"आणि लोक ऐकतात?"

"ऐकतात," मी म्हणाले. "हात वर करतात."

"सगळे?"

"लिहिणारा म्हणतो, न करणारे त्याला फारसे दिसले नाहीत."

बाबा हसले. मीही हसले. आम्हाला ते लोक मूर्ख वाटत होते. अख्खा देश, शिकलेला, पूल आणि आगगाड्या बांधणारा, आणि एका घसा ताणणाऱ्या माणसापुढे हात वर करून उभा. वाचताना कुणाच्या हालांनी मला रडू येई तेव्हा मी डोळे पुसून पुढे वाचत असे. शेजारच्या पडवीत सेवंतीकाकी बसलेली असे आणि तिलाही माझा आवाज ऐकू जात असे, हे मला माहीत होतं. तिच्यासाठी मी आवाज कमी केला नाही आणि वाढवलाही नाही. तिच्याशी बोलणं नव्हतं ते. मी माझ्या बापाला वाचून दाखवत होते.

ते पान पुस्तकाच्या मध्यावर कुठेतरी होतं. वार्ताहर राहत होता त्या इमारतीला एक म्हातारा दरवान होता. गुडघे दुखणारा, गोड स्वभावाचा, वार्ताहराला रोज हवामान सांगणारा. सरकारी फर्मान आलं की जिन्यात उभं राहून प्रत्येक मजल्यावर ते मोठ्यानं वाचायचं काम त्याच्याकडे होतं. कोणत्या घरांनी कोणत्या दुकानात जायचं नाही, कोणत्या बाकावर बसायचं नाही. तो चांगलं वाचायचा, स्पष्ट, एकही शब्द न गाळता. मग एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबानं घर सोडावं असं फर्मान आलं. दरवानानं ते त्यांच्या दारात वाचलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांच्या ट्रंका खाली उतरवून दिल्या. वार्ताहरानं त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मी काही ठरवत नाही साहेब, मी वाचतो. वार्ताहर पुढे लिहितो की त्या दिवशी धुकं होतं, आणि पुढच्या पानावर युद्धाचा विषय सुरू होतो.

मी पुढचं पान उलटलं. बाबांची सुई थांबली होती.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"नाव काय त्याचं?"

"कुणाचं?"

"दरवानाचं."

"दिलेलं नाही, बाबा."

"एवढ्या सगळ्यांची नावं दिली. मंत्र्यांची दिली, त्यांच्या कुत्र्याचंसुद्धा दिलं. त्याचं नाय दिलं." ते जाळ्याकडे पाहत होते. "आणि ते तिसऱ्या माळ्यावरचे? ते कुठं गेले?"

मी पानं चाळली. "त्यांचं पुढे काही नाही."

"लिहिणारा होता ना तिथंच? त्या घरात?"

"होता."

"मग त्यानं काय केलं?"

"त्यानं लिहिलं."

बाबांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. "त्यानं लिहिलं, दरवानानं वाचलं," ते म्हणाले. "दोघांनी एक शब्द खाल्ला नसंल." मग त्यांनी शेजारच्या पडवीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. सेवंतीकाकी मघाशीच आत गेली होती. वाचन त्या दिवशी तिथेच थांबलं. नंतर मी ते पुस्तक एकटीनं पुरं केलं; बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

मी नोकरीत असताना हजारो निरोप दुसऱ्यांपर्यंत पोचवले. अमुक वस्ती हटवण्यात येणार आहे, तमुक लोकांना नोटिसा देण्यात आल्या आहेत. वाक्यं बिनचूक होती. त्यातल्या कितीकांचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही, कारण पुढच्या दिवशी दुसरं पान असे. हे मी पश्चात्ताप म्हणून लिहीत नाही. तो धंदाच तसा आहे आणि तो कुणीतरी करायला हवा. पण "मग त्यानं काय केलं?" हा बाबांचा प्रश्न मला कचेरीत कुणी विचारला नाही, हेही खरं.

नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या पाण्यात घालायचे दिवस आले. मोठी होडी एका घराच्यानं हलत नाही. खाली ओंडके टाकायचे, दोन्ही बाजूंनी आळीतले सगळे लागायचे, एकजण आरोळी देणार, बाकीचे ढकलणार. मग पुढची होडी. बायका होडीला हात लावत नसत. त्या नारळ आणि गुळाचा भात घेऊन वाळूत उभ्या असत. त्या वर्षी एकेक होडी गेली आणि जनाकाकाची एकटी वर राहिली, झाप काढलेली, तेल लावलेली. त्यानं ती तयार केली होती. कशाच्या जोरावर, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले, मला आणि आईला "चला" म्हणाले आणि किनाऱ्यावर गेले. जनाकाका होडीच्या सावलीत बसला होता. बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. त्यांनी ओंडके सरळ केले आणि खांदा लावला. आईनं पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं लागली; मी मागून. सेवंतीकाकी घरातून धावत आली. जनाकाका उठला. आम्ही ढकललं. होडी हलली नाही. बाबांनी आरोळी दिली, तीच त्यांची सगळ्या गावाला ओळखीची आरोळी, आणि आम्ही पुन्हा ढकललं. किनाऱ्यावर जाळी आवरत माणसं उभी होती. आरोळी ऐकून त्यांतल्या काहींचे पाय सवयीनं पुढे आले आणि थांबले.

"सोड, दादा," जनाकाका शेवटी म्हणाला. धापा टाकत होता. "तुला पण टाकतील. मग सांगायला कोण येईल, तूच तुझ्या दारात?"

कुणीतरी लांबून हसलं. जनाकाकाही हसला. बाबांना मात्र कुणी वाळीत टाकलं नाही. गावानं ते पाहिलंच नाही असं ठरवलं. हाळी देणारा माणूस गावाला लागतो.

त्या महिन्यात जनाकाकानं घराला कुलूप लावलं. आईनं तलासरीला एका ओळखीच्या घरी शब्द टाकला होता. रमी नावाची एक वारली बाई तिची जुनी गिऱ्हाईक. तिच्या पाड्यावर, तिच्याच अंगणाच्या कडेला, एक कुडाची खोली जनाकाकाला मिळाली. भातकापणीला, मग गवत कापायला दोघं मजुरीवर जाऊ लागली. हे आम्हाला आईकडून कळायचं. ती बाजारातून आल्यावर कुणी न विचारताच सांगायची. एकदा ती फक्त एवढंच बोलली, "जनाच्या हाताला विळा लागला. त्याला धरताच येत नाय," आणि चुलीपुढे बसून राहिली.

बाबांनी त्या सगळ्या मोसमात वाळीतला निरोप मागे घ्यायचा विषय गावकीत दोनदा काढला. गावकीचं म्हणणं, तो गेलाय, आता कशाला. गाव सांगेपर्यंत असा निरोप होता. गाव सांगायचं विसरलं होतं. मग एका सकाळी बाबांनी धुतलेला सदरा घातला, थाळा फडक्यात बांधला आणि मला म्हणाले, "तुझं पुस्तक परत द्यायचं राहिलंय ना? चल." आम्ही डहाणूहून एस.टी.नं तलासरीला गेलो. गाडीत थाळा त्यांच्या मांडीवर होता. एका बाईनं विचारलं, भांडी विकता काय. बाबा म्हणाले, "नाय. एकच हाय."

पुस्तक मी शाळेत दिलं. गुरुजी वर्गावर होते, शिपायानं घेतलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही पाड्यावर गेलो. जनाकाका दारात बसून दोरी वळत होता. सेवंतीकाकी चुलीवर काहीतरी रटरटत ठेवून बाहेर आली. बाबांनी रामराम केला नाही. त्यांनी फडकं सोडलं आणि त्या अंगणात, कोंबड्या आणि वाळत घातलेल्या भाताच्या मध्ये उभं राहून, थाळा वाजवला. पाड्यावरची पोरं धावत आली. रमी आणि तिच्या घरची माणसं आली. कुणाला काही कळत नव्हतं. बाबांनी तोंड उघडलं आणि सवयीचे पहिले दोन शब्द त्यांना गिळावे लागले.

"मी सांगतो, ऐका," ते म्हणाले. "मी हरी. जनार्दनच्या घराशी सगळ्यांनी बोलायचं. देणंघेणं करायचं. त्याच्या होडीला हात लावायचा. मी सांगतो."

पोरांना ते आवडलं. "परत वाजव, बाबा!" एक ओरडला. रमी आईसारखीच बाई होती. तिनं आम्हाला बसायला घोंगडं आणलं. जनाकाका दोरीकडे पाहत राहिला. बोलली ती सेवंतीकाकी.

"इथं कशाला सांगतोस, भाऊजी?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणून ते ऐकवत नव्हतं. "इथं तर सगळी बोलतात आमच्याशी. पहिल्या दिवसापासून बोलतात. जिथं सांगितलंस तिथं जाऊन सांग."

तिनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, आणि आमच्याच आईनं विकलेली सुकट. बाबांनी मान खाली घालून सगळं खाल्लं. जनाकाका त्यांच्याशेजारी जेवला आणि समुद्राबद्दल विचारत राहिला: पापलेट लागतंय का, ओढ कशी आहे. बाबा एकेका शब्दात उत्तरं देत होते.

संध्याकाळी आम्ही गावात उतरलो. बाबा घरी गेले नाहीत. आळीच्या तोंडाशी उभे राहिले आणि थाळा वाजवला. माणसं दारात आली, बायका हातातलं काम घेऊन आल्या, जशा नेहमी येत. बाबांनी अंगणात म्हटलं होतं तेच म्हटलं, तसंच्या तसं. थोडा वेळ कुणाला समजलं नाही. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गावकी कधी बसली?"

"बसली नाय. मी सांगतो."

"तू?"

"मी."

"मग तसं सांग ना, हरी, घरी ये, चहा घे, सांग," तो म्हणाला. "त्याला थाळा कशाला आणलास?"

लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसाला हसतात तसं. बाबा पुढच्या आळीत गेले. तिथेही वाजवला, तिथेही सांगितलं. शेवटच्या आळीत दोनतीन दारंच उघडली. दोन दिवसांनी गावकीतून माणूस आला आणि थाळा मागून घेऊन गेला. दंड नाही, शिक्षा नाही. निरोप द्यायला एका तरुण माणसाला नेमलं. त्याचा आवाज चांगला होता. बाबा पडवीत बसून त्याचं ऐकायचे आणि एकदा म्हणाले, "शब्द गाळत नाय. पोरगा चांगला हाय."

पुढच्या वर्षी जनाकाकानं होडी विकली. घेणारा खालच्या किनाऱ्यावरच्या एका गावचा होता, ओळखदेख नसलेला. परक्या गावचा माणूस आपल्या वाळूतून होडी नेतोय म्हटल्यावर हात लावणं ही गावाची इज्जत होती. तसा निरोपही फिरला. त्या सकाळी अख्खी आळी आली. नव्या मालकानं होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, नारळ फोडला. जनाकाका आणि सेवंतीकाकी तलासरीहून आले होते आणि लांब उभे होते. बाबा गर्दीच्या मागे होते. त्यांना पुढे जावं की नाही ते कळत नव्हतं, हे मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

जनाकाका त्यांच्याजवळ आला. "लाव हात, दादा," तो म्हणाला. "आता चालतंय."

बाबांनी हात लावला. कुणीतरी आरोळी दिली. एवढे हात एका वेळी लागले होते की होडी ओंडक्यांवरून सटकन सुटली आणि मागचे दोघंतिघं तोंडावर वाळूत पडले. किनारा खो खो हसला. पडलेल्यांत बाबा होते. बाकीचे अंग झाडत उठले आणि होडीमागे पाण्यात धावले. बाबा वळून वाळूतच बसले, उठले नाहीत. लाट त्यांच्या गुडघ्यांपर्यंत येऊन परत गेली तरी ते तसेच बसून होते, आणि त्यांना हात द्यायला जनाकाकाच खाली वाकला.